गडावरचे बिऱ्हाड आणि शहरातले बिऱ्हाड

श्रोतेहो, शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि त्या बेतांतला पहिला वाद बहुधा एकाच प्रश्नावरून होतो : उतरायचे कोठे? कर्त्या पुरुषाला खर्चाची चिंता, मुलांना खिडकीतून काय दिसेल याची, आणि घरच्या गृहिणीला पाण्याची. या तिन्हींत मला गृहिणीची चिंता सर्वांत शहाणी वाटते. तसे का वाटते हे सांगण्यासाठी मी आज आपणांस खानदेशाच्या उत्तर वेशीवर, अशीरगड आणि बऱ्हाणपूर या जोडठिकाणी नेणार आहे. कुटुंब घेऊन उन्हाळ्यात राहावे कोठे, गडावर की शहरात, हा प्रश्न तेथे दोन शतके राजघराण्यांनाही सोडवावा लागला. आणि प्रत्येक वेळी तो नीट सुटलाच असे नाही.

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बऱ्हाणपूर लागते. शहर तापीच्या उत्तर तीरावर. तेथून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर अशीरगड उभा आहे. पायथ्यापासून त्याची उंची साडेआठशे फुटांच्या आसपास. खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर खुद्द अशीरगड, अशी तटांची तिहेरी रचना. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट या डोंगराच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. फारुकी सुलतानांनी इ. स. १४०० च्या सुमारास बऱ्हाणपूर वसवले, आणि दरबार व व्यापार शहरात, भांडार व भरवसा गडावर, अशी वाटणी करून टाकली.

गड फारुकींकडे आला कसा, याची फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत आपल्या विषयाला फार जवळची आहे. आसा अहीर नावाचा एक संपन्न गवळी सरदार गडाचा धनी होता. नसीरखान फारुकीने त्याला निरोप पाठविला, की शत्रूंचे भय आहे, माझ्या बायकामुलांना तुमच्या गडावर काही दिवस आसरा द्या. आसा भला माणूस. त्याने जागा रिकामी करून दिली. पहिल्या दिवशीच्या डोल्यांतून खरोखरीच स्त्रिया उतरल्या. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई. स्वागताला पुढे आलेला आसा आणि त्याचे पुत्र तेथेच मारले गेले. हीच युक्ती शेरशहाने १५३८ मध्ये रोहतासगडावर योजली असे सांगतात, तेव्हा ही कथा गावोगाव फिरणारी असावी अशी शंका मला येते. परंतु ती लोकांना पटत असे हे महत्त्वाचे. पाहुण्याच्या कुटुंबाला बिऱ्हाड नाकारायचे नसते, हा संकेत एवढा पक्का होता की त्याच्यावर कपट रचता येत होते.

पुढे याच गडावर फारुकींनी आपल्याच घरातील राजपुत्रांना बायकामुलांसह ठेवण्याची रीत पाडली. सिंहासनावर हक्क सांगणारे भाऊबंद डोळ्यांसमोर नकोत, म्हणून त्यांना उंचावर बिऱ्हाड करून द्यायचे! खाण्यापिण्याची ददात नाही, हवा थंड, देखावा सुंदर; फक्त दार बाहेरून बंद.

इ. स. १६०० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अकबर खानदेशात उतरला. बहादूरखान फारुकीने निवड केली ती गडाची. अकबराने शहरात मुक्काम ठोकला आणि गडाला वेढा घातला. गडावर धान्याला, तुपाला, दारूगोळ्याला तोटा नव्हता. तट कोणाला सर होणारा नव्हता. परंतु आसऱ्याला आलेल्या माणसांची आणि जनावरांची तेथे इतकी दाटी झाली की रोगराई पसरली, आणि माणसे पटापट मरू लागली असे त्या काळचे फार्सी लेखक लिहितात. गडावर झरा नाही. पावसाने भरणारी तळी हाच आधार. साठवलेल्या पाण्यावर किती जीव जगतील याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा ओलांडली म्हणजे तटाची उंची उपयोगी पडत नाही. डिसेंबरात बहादूरखान खाली उतरला, त्याला अकबराने परत जाऊ दिले नाही, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती आला. वेढ्याच्या शेवटी लाच चालली की वचनभंग झाला, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. त्या वादात न शिरता एवढे म्हणता येईल, की गड पडण्यापूर्वीच त्यावरचे बिऱ्हाड मोडले होते.

मोगलांनी हा धडा घेतला असावा. त्यांनी राहण्यासाठी शहर निवडले, आणि शहरासाठी पाणी आणले. जहांगीराच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत झालेले हे काम आजही पाहण्यासारखे आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीच्या दिशेने झिरपत जातो. वाटेतच ते पाणी अडवून, जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणावयाचे, ही कल्पना इराणातील कनातींची. लालबागेच्या बाजूला कुंडी भंडारा म्हणून जो भाग आहे, तेथे वीस-वीस मीटरांच्या अंतराने विहिरींसारख्या गोल कुंड्या रांगेने दिसतात. त्यांतून हवा खेळते आणि बोगदा साफ करण्यासाठी माणूस आत उतरू शकतो. हे सारे पाणी जाळी करंज नावाच्या हौदात जमे आणि तेथून नळांनी शहरभर खेळे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. शाही किल्ल्यातील रंगीत छताच्या हमामखान्याचे कौतुक प्रत्येक प्रवासी करतो. परंतु त्या हमामाचे खरे वैभव छतात नसून जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात होते, असे मला वाटते.

पाणी आले, तथापि उतरण्याच्या जागा आल्या नाहीत. त्याच १६१५ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून बऱ्हाणपुरास पोहोचला. तो काही उन्हाळा नव्हता, आणि रोबरोबर कुटुंबही नव्हते. परंतु त्याची तक्रार आजच्या कोणाही प्रवाशाची आहे. कोतवालाने त्याला सराईत चार खोल्या दिल्या. विटांच्या, वर घुमटाकार, भिंतीत कोरल्यासारख्या आणि भट्टीएवढ्याच, असे त्याने रोजनिशीत नोंदले आहे. रागावून तो शहर सोडून जाण्याच्या गोष्टी करू लागला आणि आपल्या तंबूत जाऊन राहिला. कोतवाल बिचारा क्षमा मागत राहिला, की गावात याहून बरी जागाच नाही. पुढे रोलाच आढळून आले, की कोतवाल खरे बोलत होता : शाहजादा परवीझ, खानखानान आणि आणखी थोड्यांची घरे सोडली तर बाकी सारी मातीची. बादशाही कुटुंबांना मात्र सराईची पायरी चढावी लागत नसे. त्यांच्या तंबूंचे दोन संच असत; एकात मुक्काम, दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच उभा. त्यात वाळ्याचे पडदे, आणि त्यांवर सतत पाणी शिंपणारी माणसे. ऐने-अकबरीत सोऱ्याने पाणी थंड करण्याची रीतही दिली आहे. उन्हाळा सुसह्य करण्याचे एवढे शास्त्र त्या लोकांपाशी होते.

आता खुर्रमच्या, म्हणजे पुढे शाहजहान झालेल्या शाहजाद्याच्या बिऱ्हाडाची हकीकत. १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड फसल्यावर तो पाठलाग चुकवीत अशीरगडाखाली आला. गड त्याला मिळाला. परंतु त्याने कुटुंब तेथे बंद करून ठेवले नाही. जड सामान आणि अनावश्यक दासदासी वर ठेवून, बायकामुलांना बरोबर घेऊन तो बऱ्हाणपुरास गेला आणि भर पावसाळ्यात तापी ओलांडून दक्षिणेत उतरला. १६२६ मध्ये समेट झाला तेव्हा अशीरगड परत द्यावा लागला, आणि दारा व औरंगजेब या दोन मुलांना आजोबांकडे ओलीस धाडावे लागले.

१६३० च्या मार्च महिन्यात तोच बादशहा होऊन बऱ्हाणपुरास आला. बरोबर मुमताजमहल आणि मुले. आता शाही किल्ला त्याचा होता, हमाम होता, तापीवरचे सौध होते. पण त्या वर्षी पाऊस पडला नाही. गुजरात आणि दख्खन दुष्काळात होरपळले. १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवर पडलेल्या प्रेतांची जी वर्णने केली आहेत, ती वाचवत नाहीत. छावणीसाठी वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणीत होते, म्हणून बादशाही मुदपाक चालू राहिला. शाहजहानने लंगर उघडले, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख रुपये वाटले असे त्याचा दरबारी इतिहासकार लाहोरी नमूद करतो. रकमेचा आकडा मोठा आहे. मरणाऱ्यांच्या संख्येपुढे तो किती पुरला असेल याचा तर्क श्रोत्यांनीच करावा.

अशा दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. वय अडतीस. मुलगी वाचली, तिचे नाव गौहरआरा. राज्यातील सर्वांत सुखसोयींची जागा तिला मिळाली होती, हकीम होते, पाणी होते. एवढ्या बाळंतपणांनी खंगलेल्या देहाला मोहिमेमागून मोहिमेत फिरविले जात होते, याचा मात्र विचार कोणी केला नव्हता. ताजमहालाची प्रेमकथा सांगताना हा भाग आपण फार घाईने उरकतो.

तिचा देह तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तात्पुरता ठेवण्यात आला, आणि डिसेंबरात शाहजादा शुजा तो आग्र्याला घेऊन गेला. बादशहा स्वतः १६३२ मध्ये परतला.

अशीरगड पुढे उदगीरच्या १७६० च्या तहाने पेशव्यांकडे, नंतर शिंद्यांकडे, आणि एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांकडे गेला; त्यांनी त्यावर पलटणीचे ठाणे ठेवले होते. आता गडावर मुक्कामाला कोणी नसते. श्रोत्यांपैकी कोणी या सुटीत मुलांना घेऊन तिकडे गेलेच, तर बिऱ्हाड शहरात करावे, गडावर पहाटे निघावे, बरोबर भरपूर पाणी न्यावे, आणि दहाच्या आत खाली उतरावे. दुपारी कुंडी भंडारा पाहावा. जमिनीखाली गारवा असतो. झैनाबादची बाग संध्याकाळी, नदी ओलांडून. तेथे एक पडकी इमारत आहे, आणि आग्र्याला जाणाऱ्या लाखो लोकांपैकी फारच थोडे तिथवर येतात.