रस्ता नक्की कुणाचा? मॅरेथॉन, खाऊगाड्या आणि गिरणगावाची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, पण मुंबईत राहणाऱ्या, धावणाऱ्या आणि गाडीवर खाणाऱ्या सगळ्यांनी वाचावी अशी विनंती.

गेली चार वर्षं मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी आम्ही पाच-सहा जण दर रविवारी पहाटे पळतो. लालबाग, वरळी, हाजी अली, मरीन ड्राइव्ह आणि भायखळ्यावरून परत. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की स्नायूंमधला साखरेचा साठा संपत आलेला असतो, घामातून मीठ गेलेलं असतं आणि पोटात आग पडलेली असते. मग खाऊगाडीचा शोध सुरू होतो. कधी सायकलवरचा इडलीवाला, कधी पोहे-उपम्याची गाडी, कधी वडापाव, हल्ली एखादा रंगीबेरंगी फूड ट्रक. महागड्या एनर्जी बारपेक्षा गरम पोह्यांनी अंगात लवकर जीव येतो, असं आमच्या ग्रुपचं एकमत आहे.

पण चांगल्या गाड्या एका जागी टिकत नाहीत. पोह्यांच्या गाडीवरच्या मावशींना विचारलं, "मागच्या रविवारी नव्हतात?" त्या म्हणाल्या, "गाडी आली होती ना रे." म्हणजे त्यांची गाडी उचलून नेणारी गाडी. त्यांचे सासरे गिरणीत होते. या एका वाक्यावरून मी जुनं वाचायला बसलो, आणि धावणारे, त्यांना खाऊ घालणारे आणि रस्ता या तिघांचा इतिहास एकमेकांत किती गुंतलेला आहे ते कळलं.

आधी धावणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे लांब पल्ल्याचं धावणं सुरू झालं ते हौशी शहरी लोकांमुळे नव्हे. १९१९च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये सर दोराबजी टाटांनी शेतकरी मुलांना अनवाणी पळताना पाहिलं. त्यांना शर्यतीचे नियमसुद्धा नीट माहीत नव्हते, पण वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी होती. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठवायचं ठरलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि १९वे आले. रस्त्यावर पळणं ही कष्टकरी माणसाची गोष्ट होती. आज आपण फी भरतो, शूज घेतो, मनगटावर घड्याळ बांधतो. त्यात वाईट काही नाही, फक्त सुरुवात कुठून झाली ते माहीत असलेलं बरं.

आता खाऊ घालणाऱ्यांबद्दल. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो एकटे पुरुष खोल्यांमध्ये राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. या खाणावळी बहुतेक बायकाच चालवत, घरातल्या एका चुलीवर. कामगारांचं जेवण उधारीवर आणि पगार झाला की हिशेब. त्यामुळे खाणावळवाल्या बायका स्वतः सावकाराच्या कर्जात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी.

त्याआधी, १९६६मध्ये, दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली. वडापावचा जन्म तिथला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. या पदार्थाची रचनाच बघा. ताट नको, टेबल नको, बसायला जागा नको. एका हातात धरायचा आणि चालता चालता खायचा. पाळीवर निघालेल्या कामगाराला आणि लोकल पकडणाऱ्या कारकुनाला हेच हवं होतं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरण्या बंद पडत गेल्या, पगार थांबले, खाणावळी ओस पडल्या. घर कसं चालवायचं? गिरणगावातल्या कितीतरी कुटुंबांनी यावर उत्तर शोधलं ते रस्त्यावर: भाजी, मासळी, वडापावची गाडी, भुर्जीची गाडी. ज्या शहराने कारखान्यातली नोकरी काढून घेतली, त्या शहराचा फूटपाथ तेवढा उरला होता.

गंमत म्हणा किंवा नियती, मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे दरवर्षी संपाच्या तारखेच्या आसपास. २०१५मध्ये तर ती नेमकी १८ जानेवारीलाच होती. आपण धावतो त्या वरळी-प्रभादेवी पट्ट्यात जिथे आज काचेचे टॉवर आहेत, तिथे गिरण्यांची धुराडी होती.

आता कायदा. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा. त्यात परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकायला मनाई आहे आणि विनानोटीस माल उचलायची पालिकेला मुभा आहे. याला फेरीवाल्यांच्या संघटनेने आव्हान दिलं. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कायदा कायम ठेवला, पण फेरीवाला क्षेत्रं आणि ना-फेरीवाला क्षेत्रं आखायला सांगितली. एका माणसाला जागा किती? एक मीटर बाय एक मीटर. ती आखणी होईपर्यंत दुसरी पिढी गाडीवर उभी राहिली.

शेवटी २०१४मध्ये संसदेने पथविक्रेत्यांसाठी वेगळा कायदा केला. तो कागदावर खरंच चांगला आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. जागा ठरवायला पथविक्रेता समिती, तिच्यात ४० टक्के निवडून आलेले विक्रेते आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे अडीच टक्के झाले तीन लाखांहून जास्त. प्रत्यक्षात २०१४च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले, आणि समितीच्या निवडणुकीसाठी मतदार ठरले साधारण ३२ हजार. ते मतदान व्हायला २०२४ साल उजाडलं. कायदा झाल्यावर दहा वर्षांनी!

मधल्या काळात, २९ सप्टेंबर २०१७ला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. दुर्घटना रेल्वेच्या अरुंद जिन्यावर झाली, पण राग निघाला फेरीवाल्यांवर. १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असा आदेश दिला. या मापाने १९६६ची दादर स्टेशनबाहेरची ती गाडीसुद्धा उठवावी लागली असती.

इथे कुणीतरी म्हणेल, मग आम्ही चालायचं कुठून? प्रश्न अगदी रास्त आहे. माझी आई व्हीलचेअरवर असते आणि आमच्या गल्लीतल्या फूटपाथवरून तिला नेता येत नाही. पण नीट बघा: तिथे एक भाजीची गाडी आहे, आणि तेरा मोटारी उभ्या आहेत. मोटारीला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. शिवाय आखलेली जागा नसेल तर गाडीवाला जिथे गर्दी तिथेच उभा राहणार आणि त्यासाठी कुणाला तरी हप्ता देणार. जागा आखली, नंबर दिला, पाणी आणि कचऱ्याची सोय केली, तर चालणाऱ्यालाही रस्ता मिळतो. अव्यवस्था फेरीवाल्यांमुळे आहे असं आपण म्हणतो. मला तर ती न केलेल्या आखणीमुळे वाटते.

मॅरेथॉनच्या दिवशी हेच शहर काय करू शकतं ते आपण बघतो. पन्नास हजारांहून जास्त लोकांसाठी दक्षिण मुंबईतले रस्ते बंद होतात, वाहतूक वळवली जाते, पाण्याची टेबलं लागतात, कोण कुठे उभं राहणार ते मीटरवर ठरतं. म्हणजे रस्त्याची वाटणी करणं आपल्याला जमतं. ज्यांच्यासाठी करायची ते महत्त्वाचे वाटले, की जमतं.

म्हणून धावणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक सांगणं आहे. आपलं म्हणणं ऐकलं जातं. आपल्या वॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन विचारा: आमच्या भागात फेरीवाला क्षेत्र कुठे आखलंय? समितीची बैठक शेवटची कधी झाली? दहा मिनिटांचं काम आहे. आणि तुमच्या भागात एखादी गाडी वर्षानुवर्षं लोकांना खाऊ घालत असेल, तर ती कधीपासून आहे आणि कितीदा उचलली गेली, तेही त्यांना विचारून खाली लिहा. गिरण्यांचा इतिहास लिहिला गेला. गिरणी बंद पडल्यावर ज्यांनी घरं चालवली, त्यांचा अजून कुणी नीट लिहिलेला नाही.