लॅपटॉपच्या उशिराचे मूळ

सुरतेत लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रिंग रोडच्या कापड बाजारातले हिशेब, साड्यांची डिझाइन्स, वराछाच्या कारखान्यांतले कच्च्या हिऱ्याचे प्लॅनिंग, उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी मुलांचा अभ्यास, हे सगळे संगणकावर येऊन ठेपले आहे. तो सुरू व्हायला वेळ लावू लागला की उपाय ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, नाहीतर नवी एसएसडी टाका. पुष्कळदा तो लागूही पडतो. पण या उशिराचा एक प्रकार असा आहे की त्याला या दोन्हींपैकी कशानेच फरक पडत नाही, कारण दोष डिस्कवर नसतोच. तो मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, विजेचा कारभार सांभाळणाऱ्या भागात असतो. हा दोष निव्वळ एखाद्या अभियंत्याच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. विजेच्या जबाबदारीची जी वाटणी 1990 च्या दशकात झाली, तिच्यात त्याचे मूळ आहे, आणि ती वाटणी समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती अंदाजावरच चालत राहील.

1992 साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही पद्धत आणली. डिस्क कधी थांबवायची, पडदा कधी मालवायचा, हे तीत बहुतांशी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचे फर्मवेअर, ठरवी. अडचण अशी की वापरणारा काय करतो आहे हे बायोसला नीट कळत नसे आणि बायोस काय करणार आहे हे विंडोजला. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे दिला. पण बॅटरीची माहिती कुठून वाचायची, पंखा कसा फिरवायचा, झाकण मिटले हे कसे ओळखायचे, हे यंत्र बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ती माहिती एएमएल या सांकेतिक भाषेतल्या तक्त्यांत लिहून उत्पादकाने फर्मवेअरमध्ये ठेवायची आणि ऑपरेटिंग सिस्टीमने ती वाचून अमलात आणायची, असे ठरले. जॅकार्ड लूम पाहिलेल्या सुरतकराला हे चटकन उमगेल: कार्डे एकजण पंच करतो, लूम दुसरा चालवतो, आणि भोक चुकीच्या जागी पडले तर लूम निर्दोष असूनही कापडात दोष उमटतो.

या वाटणीचे परिणाम नोंदींमध्ये दिसतात. लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. बॅटरी, पंखा, तापमान आणि बहुधा कीबोर्डही तिच्याकडे असतो. तक्त्यातली आज्ञा तिला प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. उत्तर वेळेत आले नाही तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसीपीआयच्या नावाने 13 क्रमांकाची नोंद पडते. लिनक्समध्ये ही मुदत साधारणपणे अर्ध्या सेकंदाची असते. एकदाच थांबावे लागले तर ते जाणवणारही नाही. पण सुरू होताना असे प्रश्न एकामागून एक येतात आणि प्रत्येक वेळी मुदत भरेपर्यंत थांबावे लागले की उशीर साचत जातो. दुसरा पुरावा लिनक्सच्याच इतिहासात आहे. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालू आहे, हे तक्ता विचारू शकतो. उत्पादकांनी तक्ते मुख्यतः विंडोजवरच तपासलेले असत, त्यामुळे लिनक्सने खरे नाव सांगितले की न तपासलेला भाग चालू होई. अखेर 2007 पासून लिनक्सने त्या प्रश्नाला स्वतःच्या नावाने होकार देणे सोडले. विंडोजच्या नावांना मात्र तो होकार देतो. मानक सर्वांसाठी एकच होते, तपासणी मात्र एकाच्याच सोयीची होती.

यावर पहिला आक्षेप असा की बहुतेक लॅपटॉप जुन्या हार्ड डिस्कमुळे किंवा सुरुवातीलाच उघडणाऱ्या नको त्या प्रोग्रॅममुळे मंदावतात. ते खरेच आहे, आणि म्हणूनच आधी मोजायला हवे. त्याची सोय 2011 च्या एसीपीआय 5.0 ने करून ठेवली आहे: फर्मवेअरने स्वतःचा वेळ नोंदवायचा तक्ता त्यात आला. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आकडा दिसतो, तो हाच. हा आकडा मोठा असेल तर फॉरमॅट करून काहीच साधणार नाही, कारण तेवढा वेळ विंडोजची पाळी येण्याआधीच गेलेला असतो. आकडा लहान असेल, तर पुढे इव्हेंट व्ह्यूअर पाहावा. आणखी एक खूण आहे. 2012 च्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअपमध्ये ‘शट डाउन’ केले तरी प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने उभारते. रिस्टार्ट झटपट आणि शट डाउननंतरची सुरुवात मंद असेल, तर संशय फास्ट स्टार्टअपवर घ्यावा आणि ते बंद करून पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1996 चा निर्णय मुळात चुकला का? तसे म्हणता येणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीमकडे अधिकार आला नसता तर आजच्याइतकी नेमकी वीजबचत अवघड होती. चूक अधिकार देण्यात झाली नाही. तक्ते लिहिणाऱ्यावर ते पुढे सांभाळण्याचे बंधन आले नाही, ही खरी उणीव आहे. 2013 मध्ये मानकाचा कारभार यूईएफआय फोरमकडे गेला, तरी एखाद्या जुन्या मॉडेलचे बायोस अपडेट काढायचे की नाही हे उत्पादकच ठरवतो. अपडेट मध्येच वीज जाऊन फसले तर लॅपटॉप कायमचा बंद पडू शकतो, हा तिसरा आक्षेपही रास्त आहे. म्हणून बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असल्याखेरीज आणि मॉडेलचा नेमका क्रमांक जुळल्याखेरीज त्याला हात लावू नये. पण या धोक्याला भिऊन निदानच टाळायचे, हे योग्य नाही. दुरुस्तीच्या पावतीवर आधीचा आणि नंतरचा बायोस टाइम लिहिण्याची पद्धत पडली, तर ग्राहकाचा पैसा नको त्या एसएसडीवर जाणार नाही, आणि सदोष फर्मवेअर विकणाऱ्या उत्पादकाला जाब विचारायला हातात लेखी आकडा असेल.