दगडावरचे आकडे

आमच्या क्वेकर्स हिलच्या नावाची गंमत मला इथे घर घेतल्यावर दोन-तीन वर्षांनी कळली. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांमधला एक छोटासा पंथ. शस्त्र हाती धरायचं नाही आणि कुठल्याही राजासाठी लढायचं नाही, हे त्यांचं व्रत. १९११ सालापासून ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांना सक्तीचं लष्करी शिक्षण सुरू झालं, तेव्हा त्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांत हे लोक पुढे होते. आणि त्यांचं नाव मिरवणाऱ्या आमच्या उपनगराला लागून काय आहे, तर लष्कराचा जुना विमानतळ! १९४२ साली युद्धासाठी बांधलेला, पुढे नौदलाचा 'निरिंबा' तळ झालेला आणि १९९४ साली बंद झालेला. आता तिथे कॉलेजं आहेत आणि आपलीही बरीच मुलं तिथे शिकतात.

तर एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला युद्ध, अशा गावात राहत असल्यामुळे म्हणा, किंवा दरवर्षी २५ एप्रिलला पहाटे ॲन्झॅक डेला उभं राहून राहून म्हणा, मला एक खोड लागली आहे. इथल्या उपनगरांतल्या, खेड्यांतल्या युद्धस्मारकांवर थांबून नावं वाचायची. चारशे वस्तीचं गाव असलं तरी स्मारक असतंच, आणि त्यावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव. मेलेल्यांच्या नावापुढे खूण. आडनावं बघत गेलं की कळतं, एकाच घरातले तिघे भाऊ गेले होते. आपल्याकडून कोण गेलं होतं, हा प्रश्न मग आपोआप येतो. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलं महायुद्ध आम्ही कारणे आणि परिणाम अशा दोन मुद्द्यांत संपवलं होतं. त्यात आपला माणूस कुठेच नव्हता.

माणूस होता, आणि चांगला भरपूर होता. त्यातली एकच हकिकत इथे सांगतो. गावाचं नाव कूट. दाण्याच्या कुटाशी संबंध नाही! इराकमधलं, तेव्हाच्या मेसोपोटेमियातलं, टायग्रिस नदीच्या वळणावर वसलेलं कूट-अल-अमारा.

१९१४ च्या नोव्हेंबरात बसऱ्याकडे जी फौज उतरली ती होती सहावी डिव्हिजन, म्हणजेच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोकणातली आणि देशावरची, शेतीवर भागत नाही म्हणून फौजेत गेलेली पोरं. १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड या फौजेला नदीकाठाने वर वर नेत राहिला. मागे रसद नाही, बोटी अपुऱ्या, दवाखाने नावापुरते. पण पुढे बगदाद दिसत होतं ना! नोव्हेंबरात टेसिफॉनला तुर्कांशी लढाई झाली, तीत फौजेची निम्म्याच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरून ३ डिसेंबरला कूटला पोहोचले. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला, तो जवळजवळ पाच महिने चालला.

या वेढ्यावर लिहिणारे बहुतेक लोक सेनापतींच्या चुकांवर लिहितात, आणि चुका होत्याही. टाउनशेंडने सुरुवातीला धान्याचा अंदाज इतका कमी कळवला की सोडवायला येणाऱ्या फौजेने घाईघाईने हल्ले केले आणि मार खाल्ला. नंतर गावात घरोघर झडती घेतल्यावर कितीतरी धान्य निघालं. आमच्या धंद्यात अशा चुकीच्या एस्टिमेटवर प्रोजेक्ट कोसळतो. तिथे कूट सोडवण्याच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामास आली किंवा जखमी झाली.

पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. धान्य संपत आलं तशी घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली आणि ती आलीसुद्धा. तरी माणसं ऐकेनात. मूठभर पिठावर आणि नदीकाठी उगवलेल्या पाल्यावर राहिली, हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, स्कर्व्हीने शेकडो आजारी पडले. का? त्यांनी दिलेलं कारण अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे, आणि त्यात परलोक नाही, पाप-पुण्य नाही. गावात कळलं तर आम्हाला वाळीत टाकतील, आमच्या मुलींची लग्नं होणार नाहीत, असं ते म्हणाले.

मंडळी, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आजीचाच आवाज ऐकू आला. "लोक काय म्हणतील?" आपण सगळे या प्रश्नाला वैतागून मोठे झालो. पण उपासमारीने डोळ्यांसमोर अंधारी येत असताना, हजारो मैलांवरच्या गावातल्या चार माणसांच्या बोलण्याचा विचार करणाऱ्या त्या शिपायाला नुसतं अडाणी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. त्याला परत जायचं होतं. गावाने ओळखावं, पंगतीला बसवून घ्यावं, एवढ्यासाठी तो स्वतःचं नाव सांभाळत होता. त्याची श्रद्धा देवावर होती तितकीच, किंवा थोडी जास्तच, गावावर होती. एप्रिलमध्ये फारच टोकाला आल्यावर हजारोंनी ते मांस खाल्लं, पण तोवर उशीर झाला होता. पुढे लिहिलेल्या पुस्तकात टाउनशेंडने हिंदी शिपायांवर बराच ठपका ठेवला. सोयीचंच होतं ते.

आता ऑस्ट्रेलियाचा धागा. १९१५ मध्ये हिंदुस्थान सरकारने ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक मागितले आणि इथून एक लहानशी तुकडी गेली. 'हाफ फ्लाइट' हे तिचं नाव. ऑस्ट्रेलियाचं हे युद्धातलं पहिलं विमानपथक, आणि ते गेलं कोणाच्या सोबतीला तर पूना डिव्हिजनच्या! या पथकातले नऊ मेकॅनिक कूटच्या वेढ्यात अडकले. त्याच सुमारास कूटवर विमानातून पोती टाकायचा प्रयोग झाला. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याची ही पहिलीच वेळ समजली जाते. पिठाबरोबर दळायला जात्याचे दगडही टाकले. रोजच्या गरजेच्या मानाने ते सगळं फारच थोडं होतं, काही पोती नदीतही पडली. इंग्रजांनी तुर्कांना आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले, तेही त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांत दहा हजारांच्या आसपास हिंदी होते.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. त्याचा कुत्रा स्पॉट यालासुद्धा सन्मानाने बसऱ्याला परत पाठवण्यात आलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. त्या नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिकांपैकी दोनच परत आले.

पेपरांत तेव्हा काय येत होतं? इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ट्रोव्ह' नावाची साइट आहे, तिच्यावर शंभर वर्षांपूर्वीचे पेपर फुकट वाचता येतात. रात्री मुलं झोपल्यावर माझा तो चाळा आहे. १९१६ चा २५ एप्रिल म्हणजे पहिलावहिला ॲन्झॅक डे. त्याची वर्णनं वाचून होतात न होतात तोच कूट पडल्याच्या तारा. कौतुक सगळं जनरलचं, त्याच्या चिकाटीचं. मेसोपोटेमियात एडमंड कँडलर नावाचा इंग्रज पत्रकार अधिकृत वार्ताहर म्हणून होता, तो चांगला लिहिणारा, पण सेन्सॉरच्या कात्रीखाली. टेसिफॉनचे जखमी उघड्या बोटींवर घाणीत पडून दिवसेंदिवस नदीतून येत होते आणि अधिकृत तार जात होती की व्यवस्था समाधानकारक आहे. मेजर कार्टर या डॉक्टरने जे पाहिलं ते लिहून दिलं, तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली. शेवटी १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेनला जावं लागलं. त्याच्या जागी माँटेग्यू आला. आपण शाळेत पाठ केलेली १९१७ ची ऑगस्ट घोषणा ती याच माणसाची. कूटची आणि तिची सांगड मात्र कोणी घालून दिली नव्हती.

पुण्या-मुंबईच्या पेपरांची अवस्था आणखी अवघड. १९१० चा प्रेस ॲक्ट डोक्यावर, आणि हाती रॉयटरची तार नाहीतर सरकारी पत्रक. टिळक १९१४ च्या जूनमध्ये मंडालेहून सुटून आलेले. युद्धात सरकारला साहाय्य करावं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं, पण बदल्यात स्वराज्याचे हक्कही मागितले. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी हा मुद्दा काढला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं आणि ते सभेतून निघून गेले. माणसं हवीत, पण त्यांच्या वतीने कोणी बोललेलं नको, असाच त्याचा अर्थ.

आता स्मारकांकडे येतो. कॅनबेऱ्याच्या वॉर मेमोरियलमध्ये काशाच्या पट्ट्यांवर लाखाच्या वर नावं कोरली आहेत, हुद्दा न लिहिता. कूटनंतर कैदेत मेलेले ते सात मेकॅनिक तिथे आहेत, नावानिशी. त्यांच्याबरोबर वेढ्यात असलेल्या मराठा शिपायांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे. १९२९ मध्ये त्याचं अनावरण झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा. फ्रान्समध्ये नव-शापेलच्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांची नावं कोरली. म्हणजे युरोपात मेला तर नाव, इराकात मेला तर संख्या! २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. तेव्हाच्या साहेबांची समजूत अशी होती की, या लोकांना वैयक्तिक स्मारकाचं महत्त्व वाटत नाही. गावातलं नाव जाऊ नये म्हणून जे उपाशी राहिले, त्यांच्याबद्दलची ही समजूत! ते स्मारकसुद्धा आता जागेवर नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

आणि गावात काय? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं नावच 'अपशिंगे मिलिटरी'. या एका गावातले ४६ जण त्या युद्धात गेल्याचं सांगतात. पण सरकारने लावलेल्या तशा पाट्या इतरही बऱ्याच गावांत आहेत. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेत, कुठे देवळाच्या आवारात. त्यांचा मजकूर ठरलेला: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. माझ्या सासुरवाडीच्या गावात अशी एक पाटी आहे. मागच्या खेपेला मी तिचा फोटो काढत होतो तर पारावरचे एक आजोबा म्हणाले, "काय बघता पावनं, त्यात काय लिवलंय?" आकडा वाचून दाखवला. त्यांनी लगेच बोटं मोडत तीन घरांची नावं सांगितली. दगडावर नव्हतं ते त्यांच्या तोंडी होतं, पण त्यांचं वय आज ऐंशीच्या पुढे आहे.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललं. माणगाव भागातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात. पण त्यांच्या आधीच्या पिढीचं काय?

आपल्या मंडळात सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडचे पुष्कळ लोक आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत निम्मे तरी गावी जातील. अशी पाटी दिसली तर फोटो काढा, गाव आणि तालुका लिहून ठेवा, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की ही कोण माणसं. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत पलटण, नंबर, वडिलांचं नाव आणि गाव असं बऱ्याच शिपायांचं मिळतं, स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. एकेका गावाचे तीन-तीन अवतार आहेत. ते जुळवायचा प्रोग्रॅम मी लिहायला घेतला आहे. सध्या त्यात सातारा जिल्ह्यातली एकतीस गावं लागली आहेत.