गैर मुमकिन पहाड

दिल्लीच्या दक्षिणेस महरौली मागे टाकून फरीदाबाद-गुडगावच्या वाटेला लागले, की अरवली पर्वताची शेवटची सोंड दृष्टीस पडते. पर्वत हे नाव तिला थोडे मोठेच होते. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढलेल्या मराठी डोळ्यांना या टेकड्या ठेंगण्या वाटतात. आणि गंगा-यमुनेच्या सपाटीत राहिलेल्या माणसाला त्या निरुपयोगी वाटतात. खडक गारेच्या जातीचा, कठीण व करड्या-तांबूस रंगाचा. शास्त्रज्ञ त्याला क्वार्टझाइट म्हणतात. उतारावर सर्वत्र या खडकाच्या कपच्या पसरलेल्या, कपच्यांच्या सांदीत मूठभर तांबडी माती, आणि त्या मूठभर मातीवर उभे असलेले काटेरी, खुरटे, पण चिवट रान.

या भूमीला सरकारी दप्तरात एक नाव आहे. पटवाऱ्याच्या जमाबंदीत अशा तुकड्यापुढे तीन शब्द लिहिलेले असतात : ‘गैर मुमकिन पहाड’. शब्दशः अर्थ केला तर ‘अशक्य डोंगर’. अर्थात अशक्य तो डोंगर नव्हे, त्यावरची शेती. आणि शेती अशक्य म्हणजे सारा अशक्य. दगडाळ, उताराच्या, रानाने झाकलेल्या जमिनीचे वर्णन आपल्या राज्यकर्त्यांनी आजवर कसे केले, याचा इतिहास पाहू गेल्यास तो पुष्कळसा या ‘गैर’ शब्दात सामावलेला आहे. जमीन काय आहे हे लिहिलेले सापडत नाही; ती काय नाही, हे मात्र पिढ्यानपिढ्या नेमके लिहिलेले आहे.

‘आईन-इ-अकबरी’त जमिनीचे चार प्रकार येतात : पोलज, परौती, चाचर आणि बंजर. दरसाल पिकते ती पोलज. दम खाण्यासाठी काही काळ पडू दिलेली ती परौती. तीन-चार वर्षे पडीक राहिलेली चाचर. आणि पाच किंवा अधिक वर्षे नांगर न पाहिलेली ती बंजर. या वर्गवारीत मातीचा रंग नाही, पोत नाही, खोली नाही. नांगर किती वेळा फिरला एवढीच तिची कसोटी. वसुलीच्या दृष्टीने ती सोयीची होती यात शंका नाही. परंतु ज्या उतारावर नांगर कधी चढलाच नाही, त्याला या चौकटीत जागा कोठली?

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी हेच काम अधिक बारकाईने केले. दिल्ली जिल्ह्याची जमाबंदी १८७२ मध्ये ऑस्वल्ड वुड यांनी हाती घेतली व मॅकोनाची यांनी १८८० मध्ये ती पुरी केली. यमुनेकाठचा खादर, उंच सपाटीचा बांगर, पाणी साचणारा सखल डाबर आणि डोंगरालगतचा कोही, अशी या मुलखाची विभागणी त्या काळच्या कागदपत्रांतून आढळते. शेजारच्या गुडगावात चॅनिंग यांनी जमाबंदी केली. तेथील शेतकऱ्यांच्या तोंडी मातीची नावे कितीतरी होती : चिकण ती चिकनोट, तिच्याहून मऊ ती नरमोट, हलकी ती मगदा, निव्वळ रेताड ती भूड. ही नावे साहेबांनी इमानाने टिपून घेतली. नांगराखालच्या मातीला चार-चार नावे मिळाली. डोंगरावरच्या मातीला मात्र कागदावर एकही मिळाले नाही. तेथे ‘गैर मुमकिन’ लिहून कलम पुढच्या गटाकडे वळली.

आपल्याकडे मराठी मुलखात याहून निराळी गोष्ट घडली, आणि तुलनेसाठी ती ध्यानात घेण्यासारखी आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनची पाहणी प्रथम प्रिंगल यांनी केली. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न हिशेबाने काढण्याचा त्यांचा खटाटोप होता. तो फसला आणि रयत मेटाकुटीस आली. पुढे १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने प्रतबंदी आरंभिली. त्यांची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. बारीक पोताची काळी माती पहिल्या दर्जाची. तिच्याहून भरड, बहुधा तांबडी, ती दुसऱ्या. आणि खडेयुक्त, भुसभुशीत, फिकट रंगाची ती तिसऱ्या दर्जाची. मग खणून खोली पाहावयाची, तीही हाताच्या मापाने : पावणेदोन हातांपासून थेट पाव हातापर्यंत. या दोहोंवरून नऊ प्रती ठरत, आणि त्यांचे मोल आण्यांत मांडले जाई. पहिली प्रत सोळा आणे, नववी दोन आणे.

यापुढची पायरी मला विशेष उद्बोधक वाटते. प्रत ठरली की जमिनीचे दोष पाहावयाचे. चुनखड मिसळलेली असेल तर एक दोष. वाळसर असेल तर एक. उतरवट असेल तर एक. पाझरामुळे उपळवट असेल तर एक. शेताचा नकाशा काढून त्याचे चौकोन पाडीत, आणि प्रत्येक चौकोनात दोषाची खूण मांडीत. एका खुणेला जमीन एक प्रत खाली उतरे. म्हणजे उतार व खडे ज्या मातीचा स्वभावच आहे, ती माती या तक्त्यात प्रथमपासूनच गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभी! तरीही विंगेटसाहेबांना एवढे श्रेय दिलेच पाहिजे, की त्यांच्या प्रतबंदीकाराला उतारावर जाऊन पहारीने जमीन उकरून पाहावी लागे. जेथे काहीच पिकत नाही तो तुकडा सर्व्हे नंबरातून वजा करून ‘पोटखराबा’ म्हणून लिहीत. हा पोटखराबा म्हणजे दिल्लीकडच्या ‘गैर मुमकिन’चा आपला घरचा भाऊ, मात्र तो शेताच्या पोटात राहणारा, म्हणून थोडासा आपलेपणाचा.

या मोजमापातून काय निसटले हे प्रथम कोकणात उमगले. ठाणे-कुलाब्याकडे डोंगरउताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यावर नाचणी, वरी अशी हलकी धान्ये दोन-चार वर्षे निघत, मग ती विसाव्यासाठी सोडून देत. सारा त्यामुळे हलका. परंतु वरकसाचे खरे मोल नाचणीत नव्हते. खाली खाचरात भाताची रोपे करावयाची, तर त्याआधी वाफ्यावर राब भाजावा लागे. आणि राबाला लागणाऱ्या फांद्या, पाने व गवत या दगडाळ उतारावरूनच येई. वनखात्याने झाडांवर हक्क सांगताच रयतेत गवगवा झाला, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी वन-आयोग नेमावा लागला. दोन आण्यांची जमीन सोळा आण्यांच्या खाचराला पोसते, ही गोष्ट आणेवारीच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

विसाव्या शतकात महसुलाची जागा शास्त्राने घेतली. माती म्हणजे खडकाचा नुसता चुरा नव्हे. खडक, हवा, उतार, झाडे-प्राणी आणि काळ यांच्या मेळातून घडलेली ती एक स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार रशियात दोकुचायेव यांनी १८८३ च्या आपल्या ग्रंथात मांडला होता. आता दगडाळ मातीला तिचे स्वतःचे नाव मिळेल अशी आशा करावयास हरकत नव्हती. नाव मिळालेही. जागतिक अन्न व शेती संघटना आणि युनेस्को यांनी १९७४ मध्ये जगाच्या मातीच्या नकाशाची जी सूची केली, तीत दहा सेंटिमीटरच्या आत सलग कठीण खडक लागणाऱ्या मातीला ‘लिथोसोल’, म्हणजे दगडमाती, म्हटले आहे. गंमत अशी, की विंगेटचा पाव हात म्हणजे सुमारे अकरा सेंटिमीटर! इंदापुरातील पहार आणि शास्त्रज्ञांची मोजपट्टी जवळजवळ एकाच खोलीवर खडकाला टेकल्या. पुढे १९८८ च्या सूचीत हे नाव बदलून ‘लेप्टोसोल’ झाले. ग्रीक भाषेत लेप्टॉस म्हणजे पातळ. माती पातळ असेल, किंवा खोल असूनही तिच्यात दगडांखेरीज फारसे काही नसेल, तर ती या वर्गात जाते. पृथ्वीवर याहून अधिक पसरलेला मातीचा दुसरा वर्ग नाही, असे तज्ज्ञ सांगतात. पण नावातला दगड गेला आणि उणेपणा राहिला, हे नजरेआड करता येत नाही.

अमेरिकेत मृद्संधारण खात्याने जमिनीच्या कुवतीचे आठ वर्ग केले, आणि आपल्याकडेही ते रूढ झाले. पहिले चार नांगराला योग्य, पुढचे तीन कुरणाला व रानाला. आठवा यांपैकी कशालाच नाही, तो पाणलोटासाठी, वन्य प्राण्यांसाठी व शोभेसाठी राखावा. येथे निदान उताराला एक काम नेमून दिलेले दिसते. तथापि प्रयोगशाळेत अजून निराळाच रिवाज आहे. मातीचा नमुना आला, की तो दोन मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून गाळतात. खाली पडते ती माती. वर राहतात ते दगड. दगडांचे प्रमाण टिपतात, आणि बाकीची सारी परीक्षा खाली पडलेल्या भुकटीची होते. सपाटीच्या शेताला हे ठीक आहे. अरवलीच्या उतारावर मात्र जे चाळणीवर राहते तेच मातीचे मुख्य अंग असते.

कारण तेथे दगड पुष्कळ कामे करतो. पावसाचा मारा तो अंगावर घेतो, म्हणून त्याच्या आडोशाची माती वाहून जात नाही. त्याच्या सावलीत ओल टिकते आणि बी रुजते. खडकाच्या भेगांतून पाणी खाली उतरते व पायथ्याच्या विहिरींना मिळते. पूर्वजांनी हे वाचले होते असे मानावयास आधार आहे. अनंगपूर येथे दोन टेकड्यांच्या मध्ये याच गारेच्या चिऱ्यांनी बांधलेला जुना बंधारा आजही उभा आहे, आणि त्याच्याजवळच सूरजकुंड आहे. दोन्ही तोमर राजांच्या काळची समजली जातात. ज्यांनी ती बांधली, त्यांच्या लेखी डोंगर गैर मुमकिन नव्हता. तो त्यांचा पाणवठा होता.

झाडांनाही हा दगड परका नाही. फरीदाबादेच्या हद्दीत मांगर गावाजवळ एक देवराई आहे, मांगर बणी. तेथे धौ नावाचा वृक्ष उतारच्या उतार व्यापून आहे. आपल्या रानांतला धावडा त्याचा सख्खा नातेवाईक. गुरांनी ओरबाडला तर धौ जमिनीसरपट पसरून राहतो, आणि सवड मिळताच वर उठतो. मुळे भेगांत घालून उभ्या उतारावर टिकाव धरतो. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेमुळे आसपासचे गुर्जर ग्रामस्थ तेथली फांदी तोडीत नाहीत. दिल्लीच्या रिजवर मात्र नव्या राजधानीच्या काळात विलायती कीकर आणून लावला गेला, आणि त्याने स्थानिक रानाला पुष्कळ ठिकाणी हुसकावून लावले. भूमी ‘काहीच नाही’ या सदरात असली, की तेथे काहीही लावावयास मन कचरत नाही.

किंवा काहीही खणावयास. भट्टी गावाच्या परिसरात कुजलेल्या क्वार्टझाइटची तांबडी रेती निघे. दिल्लीचे गवंडी तिला नुसते ‘बदरपूर’ म्हणत. ती काढता काढता डोंगराच्या जागी खड्डे झाले. तेथील खाणी बंद होऊन १९९१ मध्ये ती भूमी असोला अभयारण्याला जोडली गेली.

आणि आता या इतिहासातील विलक्षण वळण. ७ मे १९९२ रोजी केंद्र सरकारने अरवलीच्या रक्षणासाठी अधिसूचना काढली. रक्षण कशाचे, हे ठरविण्यास मातीचा नकाशा हाताशी घेतला गेला नाही. पटवाऱ्याचे दप्तरच पुढे आले. राखीव आणि संरक्षित वनांखेरीज, ज्या जमिनी दप्तरात गैर मुमकिन पहाड, गैर मुमकिन राडा, गैर मुमकिन बीहड, बंजड बीड अथवा रूंध म्हणून लिहिल्या आहेत, तेथे परवानगीवाचून खाण, बांधकाम वा वृक्षतोड करता येणार नाही, असे ठरले. शंभर वर्षांपूर्वी ज्या शब्दाने भूमीला हिशेबाबाहेर टाकले, तोच शब्द तिचे कवच झाला! अकबराच्या काळचा बंजरही ‘बंजड’ होऊन तिच्या रक्षणाला धावून आला. आम्हा कचेरीतल्या माणसांना शब्दांच्या अशा पुनर्जन्माचे नवल वाटू नये, पण वाटते खरे.

मात्र कवच शब्दाचे असले, की ते शब्दाने भेदताही येते. ही अधिसूचना हरियाणातील गुडगाव आणि राजस्थानातील अलवर या जिल्ह्यांपुरती होती. डोंगर फरीदाबादेत शिरतो, अधिसूचना शिरली नाही. तेथे आधार होता तो १९०० च्या पंजाब भूसंरक्षण कायद्याचा. होशियारपूरकडे शिवालिकातून उतरणारे ‘चो’ नावाचे ओढे शेते गाडू लागले, म्हणून तो झाला होता. त्याखाली विशेष आदेशाने बंदी घातलेली भूमी वनच समजावी, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. दरम्यान शामिलातीचे कितीतरी डोंगर वाटण्या होऊन खाजगी नावांवर चढले होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रश्न आणखी मुळाशी गेला. अरवलीची टेकडी म्हणावयाची तरी कशाला? भोवतालच्या भूमीपासून शंभर मीटर वा अधिक उंच असेल तिला, ही व्याख्या न्यायालयाने प्रथम मान्य केली; आणि पुष्कळ गदारोळ झाल्यावर डिसेंबर संपण्यापूर्वी तिला स्थगिती दिली. दिल्लीचा रिज बहुतेक ठिकाणी सपाटीपासून एवढा उंच नाही. मांगरच्या उतारावरचा धौ किती मीटरांवर उभा आहे, हे आता मोजावे लागेल. तो कोणत्या मातीवर उभा आहे, हा रकाना जमाबंदीच्या कागदात अजूनही नाही.