१ सप्टेंबर १९४० चं भाडं

आपल्या पेठेत महिना चाळीस-साठ रुपये भाड्याचे गाळे अजून आहेत. काहींची घरपट्टी वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त येते. मालक म्हणतो, "जागा माझी, राज्य त्याचं." भाडेकरू म्हणतो, "आजोबांनी पागडी मोजलीय, फुकट नाही बसलो." कोर्टाच्या बातम्या करताना हे दोन्ही मी वीस वर्षं ऐकतोय. म्हणून म्हटलं, हे आलं कुठून ते एकदा लिहावं. पोस्ट लांबेल, सांभाळून घ्या.

मूळ युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागा मिळेना, भाडी भडकली, म्हणून १९१८ साली सरकारने भाड्यावर लगाम घातला. काही वर्षांनी तो सुटला. दुसऱ्या युद्धात पुन्हा आला आणि मग सुटलाच नाही. फाळणीचे लोंढे, गिरणगावातली दाटी, एका खोलीत दहा माणसं. त्या वेळी हा कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती, हे मालकांनीही मान्य करावं.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ठरवलं की १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं'. जागा नंतर दिली असेल तर पहिल्यांदा दिली तेव्हाचं. कायदा तात्पुरता होता, त्याला मुदत होती. मुदत संपत आली की वाढवायची, असं पन्नास वर्षं चाललं. (विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे कायदे होते, ते १९९९ मध्ये एक झाले.)

महागाई वाढत गेली, भाडं तिथंच. मग मालकाने डागडुजी का करावी? मुंबईतल्या चाळी गळायला लागल्या, पडायला लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारने इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं. आधी भाडं गोठवायचं आणि मग पडझड सावरायला खातं उघडायचं!

माझ्या मते खरा घाव १९७३ चा. भाडेकरू नको म्हणून मालक 'लिव्ह अँड लायसन्स'वर जागा देत होते. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे अशा करारावर राहत होते ते संरक्षित भाडेकरू झाले. भाडेकरूंच्या बाजूने बघितलं तर न्याय होता, कारण नाव लायसन्सचं आणि व्यवहार भाड्याचाच, अशी पळवाट सर्रास होती. पण मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती पिढ्यांना पुरली. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी वरचा मजला कुलूप लावून ठेवतात. "उंदीर परवडले," म्हणतात.

पागडीचं तर विचारूच नका. १९४७ च्या कायद्यात ती घेणं गुन्हा, आणि बाजारात ती उघड चालू. १९९९ च्या कायद्याने ती सरळ मान्यच करून टाकली.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की १९४० ला गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. कायदा मात्र रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. ऐकायला बरं वाटतं. हिशेब करा: पन्नास रुपये भाडं, चक्रवाढीने धरलं तरी पंचवीस वर्षांत साधारण एकशे तेहेतीस! मोठ्या कंपन्या आणि बँका भाडेकरू असतील तर मात्र त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे बँकेला जागा दिलेल्याचं भलं झालं, शिंप्याला दिलेला आहे तिथंच.

भाडं थकवणाऱ्याचंही ऐका. आधी नोटीस द्यायची, नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही. प्रामाणिक अडचणीतल्या माणसाला हा आधार आहे. बिलंदर मात्र तेवढ्यावर वर्षं काढतो.

एक गैरसमज अजून आहे. 'अकरा महिन्यांचा करार, नोंदणी नको' असं एजंट बिनधास्त सांगतात. आपल्या राज्यात १९९९ च्या कायद्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेणं मालकाचं काम. ती नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. उलट नोंदणी असेल आणि मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही, तर मालकाला दुप्पट भाडं मागता येतं आणि सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येतं.

पेठेतल्या जुन्या मालकांपैकी किंवा भाडेकरूंपैकी कुणाकडे १९७३ च्या आधीच्या भाडेपावत्या असतील तर फोटो पाठवा. नाव झाकून पाठवलंत तरी चालेल. आकडे बघायचेत.