पाद्वाचे संत अंतोनी आणि आपली भाषा

युरोपच्या मध्ययुगातील एका तरुण संताचे चरित्र साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडील लोकांच्या भाषेत छापले गेले, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते संत म्हणजे पाद्वाचे अंतोनी. तो ग्रंथ म्हणजे ‘सांतु आंतोनीची जीवित्वकथा’. आणि मुद्रणाचे वर्ष १६५५. मातृभाषेतून विद्यादान करीत साठ वर्षे उभ्या राहिलेल्या शाळेच्या स्मरणग्रंथात या कथेची आठवण करणे उचित ठरेल.

अंतोनींचा जन्म ११९५ च्या सुमारास पोर्तुगालमधील लिस्बन नगरीत झाला. त्यांचे मूळ नाव फर्नांदो. कोवळ्या वयातच ते ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि पुढे कोइंब्रा येथे त्यांनी धर्मशास्त्राचे सखोल अध्ययन केले. १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन साधूंचे अवशेष कोइंब्रास आणण्यात आले. त्या बलिदानाने हा तरुण अभ्यासक हेलावला. त्यांनी विद्वानांचा मठ सोडून फ्रान्सिस यांच्या अकिंचन साधुसंघात प्रवेश केला आणि अंतोनी हे नवे नाव धारण केले. मोरोक्कोत जाऊन प्राणार्पण करावे, ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. आजारपणामुळे त्यांना परतावे लागले आणि वादळात सापडलेले त्यांचे जहाज सिसिलीच्या किनाऱ्याला लागले.

इटलीत ते एका अनोळखी साधूप्रमाणे राहू लागले. त्यांच्या विद्वत्तेची कोणास कल्पना नव्हती. १२२२ मध्ये फोर्ली येथील एका समारंभात प्रवचनाची कोणाचीच तयारी नव्हती, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना बोलण्याची आज्ञा केली. भांडी घासण्यास योग्य एवढीच ज्याची ओळख, त्या साधूच्या मुखातून निघालेली वाणी ऐकून श्रोते थक्क झाले, असे परंपरा सांगते. पुढील नऊ वर्षे इटली आणि दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी उपदेश केला. हा उपदेश केवळ परलोकापुरता नव्हता. कर्ज फेडता न आल्याने तुरुंगात खितपत पडणाऱ्यांची दैना पाहून त्यांनी पाद्वाच्या नगरसत्तेकडे रदबदली केली. आणि आपली मालमत्ता सोडून देणाऱ्या ऋणकोस कैदेत टाकू नये, असा नियम मार्च १२३१ मध्ये करण्यात आला. त्याच वर्षी १३ जून रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या-छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वर्षही पुरे होण्याच्या आत, ३० मे १२३२ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत घोषित केले.

पोर्तुगीजांबरोबर त्यांची भक्ती आपल्या किनाऱ्यावर आली. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांनी त्यांच्या नावाचे मंदिर उभारले; आज त्याचे भग्नावशेष उरले आहेत. जुन्या गोव्यातील त्यांच्या मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कप्तानाचा हुद्दा आणि वेतनही होते. ज्याने कर्जबाजारी दुबळ्यांची बाजू घेतली, त्या अकिंचन साधूला राज्यसत्तेने आपल्या लष्करी पटावर चढवावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. लोकांनी मात्र त्यांना आपल्या पद्धतीने आपलेसे केले. गोव्यात त्यांचा सण ऐन पावसाच्या तोंडावर येतो. तमिळनाडूत उवरीच्या समुद्रकाठी त्यांच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते.

या भक्तीतूनच येशूसंघीय धर्मगुरू आंतोनियो द साल्दाञ यांचा ग्रंथ निर्माण झाला. साष्टीतील राशोल येथे, जिथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तिथेच तो रोमन लिपीत मुद्रित झाला. सर्वांना सुलभपणे कळावे म्हणून या भूमीच्या प्रचलित भाषेत तो रचला होता. मराठी आणि कोंकणी या दोन्ही बहिणींच्या वाङ्मयाचा विचार करताना त्याची दखल घ्यावी लागते.

तथापि या ग्रंथाचे कौतुक करताना त्या काळाचे दुसरे रूप झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच सत्तेच्या अमलात देवळे पाडली गेली, देशी ग्रंथ जप्त झाले आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. पुढे १६८४ मध्ये देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी, असे फर्मान निघाले. ज्या भाषेत संताची कथा सांगितली, तीच भाषा तीस वर्षांत त्याज्य ठरली. राशोलचे मुद्रणही त्याच सुमारास थंडावले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या हे ग्रंथ विस्मृतीत गेले.

विसाव्या शतकात त्या ग्रंथाला पुन्हा प्रकाशात आणले ते गोमंतकाचे सुपुत्र प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी. इन्क्विझिशनच्या अत्याचारांचा इतिहास निर्भीडपणे लिहिणारे संशोधक तेच. एका हाताने त्यांनी अन्यायाची नोंद केली आणि दुसऱ्या हाताने त्याच काळातील ख्रिस्ती संताचे चरित्र जिव्हाळ्याने संपादित केले. राग सत्तेवर होता. भाषेतील ठेवा कोणत्याही धर्माचा असो, तो त्यांनी आपलाच मानला.

हरवलेली वस्तू सापडावी म्हणून जगभरचे भाविक संत अंतोनींना साकडे घालतात. त्यामागे एक आख्यायिका आहे: त्यांचे स्तोत्रांचे पुस्तक एका नवशिक्या साधूने पळवले आणि त्यांच्या प्रार्थनेनंतर ते परत आणून दिले. त्यांचे आपल्या भाषेतील चरित्रही असेच हरवले होते. ते परत मिळाले एका अभ्यासकाच्या परिश्रमाने. भाषा फर्मानाने मरत नाही आणि अभिमानाच्या घोषणांनी जगतही नाही. तिच्यात लिहिलेले वाचू शकणारी मुले पिढीमागून पिढी तयार झाली, तरच तिच्यातला ठेवा सापडतो. ती मुले घडवण्याचे काम आपली शाळा साठ वर्षे करीत आली आहे.