विरळ हवा आणि धावती मोटार

समुद्रकाठी पाव मैलाचे अंतर १४ सेकंदांत तोडणारी एखादी साधी मोटार घ्या आणि ती अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळच्या डोंगरउतारावर, ५८०० फूट उंचीवर नेऊन पळवा. तेच अंतर कापायला तिला आता जवळजवळ पावणेपंधरा सेकंद लागतील. मोटार तीच, चालक तोच, पेट्रोलही तेच. मालक बिचारा मेकॅनिकला बोल लावणार! पण दोष मेकॅनिकचा नाही, हवेचा आहे. हा दोष माणसाने कसा ओळखला आणि त्यावर तोड कशी काढली, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

तिची सुरुवात मोटारीच्या कितीतरी आधी होते. १६४८ साली फ्रान्समध्ये पास्काल या शास्त्रज्ञाने आपल्या मेहुण्याला, पेरिए यांना, एक काम सांगितले. पाऱ्याची नळी घेऊन त्यांनी प्वी द दोम नावाच्या डोंगरावर चढायचे आणि पारा किती उतरतो ते पाहायचे. पारा तीन इंचांहून थोडा अधिक उतरला. पेरिए मोठे सावध गृहस्थ! त्यांनी दुसरी एक नळी खाली मठात ठेवली होती आणि तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला एका साधूला बसवले होते. त्या नळीतला पारा जागचा हलला नाही. तेव्हा फरक पडला तो उंचीमुळेच, हे पक्के झाले.

आता मोटारीच्या इंजिनाकडे वळू. पेट्रोल जळते ते हवेतल्या प्राणवायूच्या जोरावर. दट्ट्या खाली आला की सिलिंडर हवेने भरतो. डोंगरावरही तो भरतो, पण त्या हवेत प्राणवायू कमी. म्हणजे शेर तेवढाच, धान्य मात्र विरळ! दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते. त्यात उन्हाळा असला तर तापलेली हवा आणखी विरळ होते. डेन्व्हरजवळच्या त्या उतारावर कडक उन्हात इंजिनाला जणू नऊ हजार फुटांवर असल्यासारखे वाटते.

तुम्ही म्हणाल, हवा विरळ तर तिचा अडथळाही कमी. मग मोटार अधिक पळायला नको का? शंका रास्त आहे. अडथळा कमी होतो हे खरे. पण हवेचा अडथळा जाणवतो तो वेग चढल्यावर. सुरुवातीला थांबलेले वजन हलवायचे असते, आणि तिथे लागते ती इंजिनाची शक्तीच. त्यामुळे पाव मैलाच्या शर्यतीत नफा थोडा आणि तोटा मोठा.

या तोट्याची चिंता शर्यतवाल्यांच्या आधी वैमानिकांना पडली. पहिल्या महायुद्धात विमान जितके उंच जाई, तितके त्याचे इंजिन दुबळे होई. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच एक युक्ती सुचवली होती: धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्या चक्राच्या बळावर इंजिनात हवा कोंबायची. हाच आजचा टर्बोचार्जर. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी जातीचे विमानइंजिन डेन्व्हरच्याच कोलोरॅडो राज्यातल्या पाइक्स पीक या १४००० फुटांहून उंच शिखरावर नेले. खाली ३५० अश्वशक्तीचे ते इंजिन वर अवघे २३० भरले. टर्बोचार्जर लावताच आकडा ३५६ वर गेला! डोंगराने हिरावलेली शक्ती माणसाने डोंगरावरच परत मिळवली.

१९५८ साली डेन्व्हरजवळ बँडिमियर स्पीडवे ही सरळ धावपट्टी सुरू झाली आणि न्यायाचा प्रश्न उभा राहिला. समुद्रकाठच्या गड्याशी डोंगरावरच्या गड्याची तुलना करायची कशी? त्यासाठी उंचीचा गुणक आला. उंचीवर नोंदलेली वेळ एकाहून किंचित लहान अशा आकड्याने गुणून समुद्रसपाटीच्या वेळेशी जुळवून घ्यायची. ही धावपट्टी २०२३ साली बंद झाली.

पाइक्स पीकवर मात्र १९१६ पासून चढाईची शर्यत होत आली आहे. पहिल्या वर्षीच्या विजेत्याला जवळजवळ २१ मिनिटे लागली होती. पुढे रस्ता सुधारला, मोटारी सुधारल्या. २०१८ साली रोमां द्यूमा यांनी फोक्सवॅगनच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीने हीच चढण ७ मिनिटे ५७ सेकंदांत पार केली. आठ मिनिटांच्या आत शिखर गाठणारे ते पहिलेच. विजेच्या मोटारीला श्वास घ्यावा लागत नाही. तिच्या शक्तीला विरळ हवेची बाधा नाही.

तेव्हा कोणाच्याही वेगाचा आकडा कानावर आला, तर तो किती उंचीवरचा, हे आधी विचारावे. पेरिए यांनी खाली मठात दुसरी नळी ठेवली होती, ती याचसाठी.